गुलाबी वाळूचा किनारा

प्रफुल्लने क्रीट बेटाची तिकिटं काढली, तेव्हा उपासनाला खरंच वाटेना. लग्नानंतर दोघं अमेरिकेतल्या त्यांच्या नोव्हाय गावातून फार तर शिकागोपर्यंत गेली होती. आता जेवताना तो फोनवर तिला एकेक ठिकाण दाखवायचा. राजवाड्याचे जुने अवशेष, बंदरावरचा दीपस्तंभ, गुलाबी वाळूचा किनारा. इतक्या मायेने तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

"अगं, पण तुझा व्हिसा एक्सपायर झालाय ना?" शेजारच्या शीलाकाकूंनी विचारलं. "नवा मिळाल्याशिवाय तुला परत अमेरिकेत येऊ देणार नाहीत."

संध्याकाळी तिने हे प्रफुल्लच्या कानावर घातलं. तो हसला.

"काकूंना काय कळतंय त्यातलं? मी सगळं अरेंज केलंय यार. तू फक्त मस्त फोटो काढ."

तिची बॅगसुद्धा त्यानेच भरून दिली. तेव्हाही तिला त्याचं कौतुकच वाटलं.

निघायच्या दिवशी तो गाडीत गॅस भरायला गेला होता. उन्हाची टोपी ठेवायची राहिली, म्हणून उपासनाने बॅग उघडली. वर दोन सुती ड्रेस होते. त्यांच्याखाली हाताला काहीतरी जड लागलं, म्हणून तिने ड्रेस बाजूला केले.



खाली तिने नागपूरहून आणलेली एकूण एक वस्तू होती. तिची डिग्री, आईच्या साड्या, आणि बाबांनी लग्नात दिलेली बुद्धमूर्तीसुद्धा, टॉवेलमध्ये अगदी जपून गुंडाळलेली.