हयातीचा दाखला

खुब्याचं हाड मोडून सुभेदार बोंद्रे खाटेवर पडलेले, म्हणून माजी सैनिक संघटनेचे हवालदार गावंडे मोबाईल घेऊन त्यांच्या पुरानी बस्तीतल्या घरी आले. सोबत संघटनेच्या सैन्यभरती वर्गातली स्वरदा होती. आज हयातीचा दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार होती. मोबाईलसमोर नुसत्या पापण्या लववायच्या होत्या; पण कॅमेरा दिसला की सुभेदार परेडवर उभं असल्यासारखे डोळे ताणून बघत.

"साहेब, पापणी लववा ना! हा फोन तुमाले जिवंत समजूनच नाही राहिला."

"सावधानमध्ये पापणी हलत नसते, गावंडे. अन् हवालदाराचा हुकूम सुभेदार ऐकत नसते."

चौथ्यांदा दाखला नाकारला गेला. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नीने, शांताबाईंनी, देव पाण्यात ठेवले. पापण्या तर देवांच्याही लवत नव्हत्या, पण त्यांची पेन्शन कुठे अडली होती?

स्वरदा पुढे झाली. पाय आपटून तिने कडक सॅल्यूट ठोकला. डाव्या हाताने.

सुभेदारांच्या पापण्या फडफडल्या. "गावंडे! काय शिकवून राहिला बे या पोट्टीले?"

मोबाईलवर हिरवी खूण उमटली.

"दादाजी, सही हाथ तो मुझे भी पता है," स्वरदा हसत म्हणाली.

सुभेदार म्हणाले, "पुढल्या वर्षी पाय चुकव. हाताची युक्ती आता मले समजली."