धुराऐवजी पाणी

सोनाक्कानं घरातलं शेवटचं तांब्याभर पाणी नव्या बसच्या चाकांवर ओतलं, कुंकू लावलं. बस तिचा लेक भैरू चालवणार होता. तिनं आपली विहीर कारखान्याला दिली, म्हणून त्याला ही नोकरी लागली होती. त्या विहिरीच्या पाण्यातून आता बससाठी हायड्रोजन निघत होता.

“धूर नाहीच. मागून निव्वळ पाणी पडतं,” साहेब पाहुण्यांना दाखवत होते.

नळीतून खरंच थेंब ठिबकत होते. सोनाक्कानं वाकून रिकामा तांब्या खाली धरला. पाहुणे हसले.

साहेब बसमध्ये चढले. “कोण रे ही म्हातारी?”

“असेल गावातली कुणीतरी,” म्हणत भैरूनं बस काढली.

उघड्या खिडकीतून सोनाक्कानं ते ऐकलं. तांब्या खाली ठेवून तिनं कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. पोराला कुणाची दृष्ट लागायला नको.