खालचा डावा कोपरा

पहिल्याच प्रदर्शनात समीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "प्रत्येक चित्राचा खालचा डावा कोपरा कोरा का?"

चित्रकर्तीच्या घरी रंगवताना त्या कोपऱ्याच्या आड सासूबाईंची खाट यायची, हातच पोचायचा नाही. हे कुठल्या तोंडानं सांगणार? "ते... मुद्दामच," ती पुटपुटली.

"तोच तर तुमच्या चित्रांचा प्राण आहे. जपा."

ते पुढे सरकले, तशा सासूबाई जवळ येऊन हळहळल्या. "माझ्यापायी राहिलं गं हे. तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होतीस. म्हणून आज लेकाला मुद्दाम घरी ठेवलंय, खाट बाहेरच्या खोलीत हलवायला."

तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला. "खाट हलवू नकोस."

"हलवली की. आता रंगव मोकळ्या हातानं."