अर्धा प्याला

आमच्या किर्गिझ गावात पाहुण्याला चहा अर्धा प्यालाच देतात, संपला की पुन्हा अर्धा. काठोकाठ भरला, तर त्याने उठायचं. कारखान्याचा रासायनिक कचरा निरुपद्रवी वर्गात बसतो, असा कायदेशीर सल्ला मी दिला आणि खड्डा गावामागेच खणला गेला. वर्षभराने आईसाठी शहरातून बाटलीबंद पाण्याचे खोके घेऊन गेलो. “हे कशाला?” विहिरीच्या पाण्याचा चहा करताना आईने विचारलं. “विहिरीतलं पिऊ नकोस, आई.” “का? कचऱ्याने पाणी नासत नाही, असा तुझ्या सहीचा कागद चौकात लागलाय, वकीलसाहेब! तोच दाखवून मी शेजारच्या साइकालला म्हटलं, माझ्या लेकाने लिहिलंय, पाज बाळाला बिनधास्त.” “मग?” “मंगळवारी पुरलं त्याला.” खोक्यांकडे न बघता तिने किटली उचलून माझा प्याला भरायला घेतला. अर्ध्यावर तिचा हात थांबला नाही.