आईला बोलवा

"आ कर" म्हटल्यावर मुलानं तोंड उघडायचं सोडून डोळे मिटून घेतले.

डॉक्टरला हसूही आलं नाही. सकाळपासून तिनं इतक्या पोरांना "आ कर" म्हटलं होतं की आता तिचाच जबडा दुखत होता. बाहेर रिसेप्शनवरची मुलगी पर्स खांद्याला अडकवून बसली होती. हा शेवटचा पेशंट, तोही वेळ न घेता आलेला. घरी "उशीर होईल" असा निरोप गेला होता, पण तो आता रोजचाच झाला होता.

आजचा दिवसच तसा होता. ज्याला त्याला काहीतरी हवं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीला लवकर जायचं होतं, लॅबवाल्याला दातांचे साचे परत हवे होते, घरी छकुलीला सांभाळणारी बाई अर्ध्या दिवसाची सुट्टी मागत होती. तिघांनाही तिनं एकच उत्तर देऊन वाटेला लावलं होतं, पुढच्या आठवड्यात बघू.

"सोन्या, दाखव की रे," मुलाची आजी म्हणाली. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, केव्हाही उठवतील अशी.

डॉक्टरनं छोटा आरसा मुलाच्याच हातात दिला. तो त्यात स्वतःचं नाक बघण्यात गुंग झाला, तेवढ्यात तिनं त्याचा सुजलेला ओठ वर उचलला. पुढचे चारही दात हिरडीपर्यंत किडून काळे खुंट झाले होते. एकावर पुवाची पुळी आली होती. मुलगा चार वर्षांचा.

"ताप आहे का?"

"कालपासून. रात्रभर कण्हत होता."

"आणि आज रात्री आणताय?"

"सून सकाळीच आणणार होती. तिला सुट्टी मिळाली नाही. वाट बघून शेवटी मीच निघाले. ती म्हणाली, याच डॉक्टरांकडे न्या, त्यांचा हात हलका आहे."

हात हलका आहे हे डॉक्टरला ठाऊकच होतं. तरी ते ऐकून तिला जरा बरं वाटलं.

"झोपताना दुधाची बाटली देता ना?"

आजीनं खाली पाहिलं. "आईसाठी रडतो हो. ती येईस्तोवर झोपत नाही, आणि ती येते तेव्हा सगळी आळी झोपलेली असते. बाटली तोंडात दिली की गप्प होतो."

"साखर घालून?"

"थोडी."

ही थोडी साखर डॉक्टरच्या चांगल्याच ओळखीची होती.

"दुधाचेच दात ना पण," आजी म्हणाली. "पडायचेच आहेत."

"पडायचे आहेत, आजी. कुजायचे नाहीत." हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही म्हणाली असती. "खाली पक्के दात तयार होतायत. हा पू तिथवर गेला तर तेही बिघडतील. सूज डोळ्याकडे चढली तर हॉस्पिटलात न्यावं लागेल. उद्या सकाळी भूल देऊन हे चारही काढायला हवेत. उपाशीपोटी आणा. आणि आई किंवा बाप पाहिजेच, त्यांच्या सहीशिवाय मी भूल देऊ शकत नाही."

"बाप ट्रकवर असतो. चार दिवस तरी यायचा नाही."

"मग आईला बोलवा."

आजीची नजर टेबलावरच्या फोटोवर गेली. फोटोत छकुली सगळे दात दाखवून हसत होती.

"तुमची का?"

"हो."

"छान आहेत दात. एक डाग नाही."

"सवय लावावी लागते, आजी. रोज रात्री घासायचे म्हणजे घासायचे, कितीही रडू दे. आईनं एवढं तरी करायला नको?"

"खरं आहे," आजी म्हणाली. "कुणीतरी उभं राहून घासून घ्यावे लागतात."

मुलगा आता आरशाला जीभ दाखवत होता. मध्येच त्यानं गाल धरला. रडला मात्र नाही, नुसता आजीच्या पदरात शिरला. मोठ्यानं रडणारी पोरं तिला परवडत. हे असं मुकाट दुखणं सोसणारं पोर तिला सहन होत नसे.

"उद्या येईल ना ती?"

"विचारेल ती. पण मालकीण सोडेल असं वाटत नाही. आजही विचारलंच होतं तिनं."

"पोराच्या तोंडात पू झालाय म्हणून सांगितलं नाही?"

"सांगायला तोंड उघडलं होतं म्हणे. मालकीण घाईत होती."

डॉक्टरला मनापासून राग आला. रागानं थकवासुद्धा विसरायला झाला. "कसली माणसं असतात एकेक. मुलापेक्षा काम मोठं? द्या त्या बाईचा नंबर. मीच बोलते तिच्याशी, चांगली खडसावते."

आजी तिच्याकडे नुसती बघत राहिली.

"मालकिणीचा नंबर माझ्याकडे नाही. सुनेचा आहे."

"मग तिला लावा. तिला फोन मालकिणीकडे द्यायला सांगते."

"घरचा फोन ती कामावर उचलत नाही. मालकिणीला चालत नाही."

"बरं, माझा उचलेल." डॉक्टरनं टेबलावरचा दवाखान्याचा फोन पुढे ओढला. "सांगा."

आजीनं आपला जुना मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक आकडा वाचला. डॉक्टरनं बटणं दाबली. मालकिणीला काय सुनवायचं ते तिच्या मनात तयारच होतं.

फोन लगेच उचलला गेला.

"हां ताई, बोला," पलीकडून दबका आवाज आला. "छकुली जेवली, दात घासून आत्ताच झोपलीय. तुम्ही या सावकाश, मी थांबते."