डोळ्यांची आखणी

"डोळे खाली गेलेत," महिपती म्हणाला. "सगळ्याच मूर्तींचे. रोह्याचा टेम्पो दुपारी येईल. तो असले गणपती उचलायचा नाय."

रंभाचा ब्रश हवेतच राहिला. कमरेएवढ्या उंच फळीवर मूर्ती ओळीने मांडल्या होत्या. कारखान्यात रंगाला बरेच हात असतात. डोळ्यांची आखणी मात्र एकालाच मिळते. ती यंदा पहिल्यांदाच रंभाला मिळाली होती.

"कोकण रेल्वे आल्यापासून रोह्याची ऑर्डर वाढलीय. ती घालवू? पुसून वर घे. नायतर उद्यापासून परत पीतांबर रंगवायला बस."

दारात अनिता उभी होती. महिपतीने तिला ओळखलं. "या ताई. आज एकट्याच? वर्तक गुरुजी नाय आले?"

"बाबा वैशाखात गेले," अनिता म्हणाली. "आमची मूर्ती यंदा ठेवू नका. तेवढंच सांगायला आले."

महिपतीने डोक्यावरची टोपी काढली. रंभाने ब्रश पाण्यात सोडला.

"धरमतरच्या शाळेतले गुरुजी?"

"हो."

"मला तेच होते."

महिपतीने टोपी परत डोक्यावर ठेवली. मग महिपतीला टेम्पो आठवला. "ताई, तुम्हीच सांगा. हा बघतो तरी कुठं?"

अनिताने जवळच्या मूर्तीकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येईना. "माझ्याकडे बघत नाही."

"उभ्याने नाय दिसायचं," रंभा म्हणाली. "खाली या."

अनिताने गुडघे टेकले. मूर्ती सरळ तिच्याकडे पाहत होती. काही घाई नसल्यासारखी. आधी तू बोल, मग मी बोलतो, अशी.

"आम्ही मिठागरावरची पोरं मागं बसायचो," रंभा म्हणाली. "गुरुजींना काय विचारायचं असलं की ते मागं यायचे, आधी गुडघे टेकायचे, मग विचारायचे. उभ्याने कधी बोललेच नाय. डोळे काढायला बसलं की माझ्या हातातून तेवढेच येतात."

बाबांच्या पँटी नेहमी गुडघ्यावरच आधी फाटायच्या. ठिगळ लावताना आई म्हणायची, "शाळेत शिकवता की रांगता?" बाबा नुसते हसायचे.

महिपती उभाच होता. मग फळीचा आधार घेत, कण्हत, तोही अनिताशेजारी गुडघ्यावर आला. त्याने एका मूर्तीकडे पाहिलं. सरकून दुसरीकडे पाहिलं.

"पण मखरापुढं असं बसतं कोण गो?"

"पोरं. आणखी कोण? तुम्ही मोठी माणसं आरती झाली की पत्ते कुटायला पळता."

महिपतीला हसू आलं. ते लपवत तो उठला. "टेम्पोवाल्याला सांगतो, पाट जरा उंच मांडा म्हणावं." दाराकडे जाता जाता तो थांबला. "आणि तू काय बसून राहिलीस? पुढची घे. टेम्पो काय तुझ्यासाठी थांबणार हाय?"

रंभाने पाण्यातला ब्रश उचलून झटकला.

अनिता अजून खालीच होती. "आमची कुठली होती?"

महिपतीने फळीच्या टोकाची छोटी मूर्ती दाखवली. रंग झाला होता, डोळ्यांची जागा कोरी होती. "नेहमीचीच. पण तुम्ही तर नको म्हणालात."

"मी थांबते," अनिता म्हणाली. "मांडीवर घेऊन जाईन एस्टीतून."

रंभाने ती मूर्ती पुढे ओढली, आणि श्वास रोखून पहिली रेघ घेतली.

अनिता उठली तेव्हा साडीवर शाडूचे दोन पांढरे ठसे उमटले होते. महिपती फडकं घेऊन आला. "ताई, गुडघ्याला माती लागली."

"असू दे," ती म्हणाली.