वरीलप्रमाणे

"आज जागेवरून हलू नकोस," विक्रेत्याने बायकोला फोनवर बजावलं.

"आणि जेवण?"

"ते लोक एक वाजता जेवतात. तेव्हाच ऊठ."

कंपनी दोघांचीच. ती टूलकिट, म्हणजे प्रोग्रामरना वापरायला तयार कोडचे संच लिहायची, तो विकायचा. आजवर एकही खपलं नव्हतं. ही ऑर्डर हुकली तर महिनाअखेर गाशा गुंडाळायचा, हे ठरलेलं.

समोर पार्सल कंपनीच्या मुख्य प्रोग्रामरबाई होत्या. त्यांना प्रत्येक पार्सलाचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामचा छोटा स्वतंत्र तुकडा, हवा होता. तो दूरच्या डेपोतल्या मशीनवर राहणार, आणि इथून विचारलं की मॉडेमवरून स्वतःच सांगणार, मी कुठे आहे ते. निवडीत दोनच टूलकिट उरली होती: एक बड्या कंपनीचं, एक याचं. चाचणीपुरतं डेपोच्या जागी याच्या घरचं मशीन जोडलं होतं.

बाईंनी आधी बड्या कंपनीचं घेतलं. उत्तर चुटकीसरशी. मग मुद्दाम एक आकडा चुकवला, तर सासूने काढाव्यात तशा पडदाभर चुका.

"आता तुमचं."

पार्सल ४११२ कुठे? पाच सेकंद गेले. 'उत्तर डेपो, फळी तीन.'

"सावकाश चालतं."

"विचार करून बोलतं, मॅडम."

बाईंनी इथेही आकडा चुकवला. पुन्हा पाच-सहा सेकंद. 'असं पार्सल नाही. ४११२ म्हणायचंय का?'

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. याने मनातल्या मनात ऑर्डरवर सहीसुद्धा घेतली.

मग बाईंनी एकच प्रश्न लागोपाठ तीनदा टाकला. दोनदा उत्तर आलं. तिसऱ्यांदा आलं, 'वरीलप्रमाणे.'

"आधीचं उत्तर लक्षात ठेवतं," तो घाईघाईने म्हणाला. "लाइनचा वेळ वाचतो."

"हुशार आहे हो!"

एक वाजला. बाई जेवायला उठल्याच नाहीत. सव्वाला त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला. दहा मिनिटं पडदा कोरा. याने दोनदा घाम पुसला. मग उत्तर आलं, बिनचूक.

"लाइन," तो म्हणाला.

"असेल," बाई म्हणाल्या. "लिहिलंय कोणी?"

"आमच्या मिसेसनी."

"पूर्ण झालंय ना?"

"म्हणजे काय!"

चार दिवसांनी पाकीट आलं. ते बायकोने फोडलं.

"'बड्या कंपनीचं टूलकिट घेत आहोत,'" तिने वाचलं.

"संपलं," तो म्हणाला.

"थांबा, खाली आणखी आहे. 'मात्र आमच्याकडे प्रोग्रामरची एक जागा रिकामी आहे. तुमच्या टूलकिटच्या जागी बसून दिवसभर हाताने उत्तरं टाइप करणाऱ्या बाईंनी सोमवारी दहाला रुजू व्हावं. आमच्याकडे जेवायला अख्खा तास मिळतो.'"